दर मंगळवारचं पत्र

निवेदिताने दुसऱ्यांदा बेल दाबली आणि हातातल्या पाकिटावरचा पत्ता दारावरच्या आकड्याशी पुन्हा ताडून पाहिला. सत्तेचाळीस. बरोबर होतं. आत कुणीतरी रेडिओ बंद केला.

एकोणीस वर्षं ती लंडनमधल्या इल्फर्ड भागाच्या साप्ताहिकाची संपादक होती. शुक्रवारी अंक निघायचा आणि मंगळवारी हे पत्र यायचं. टाइप केलेलं, एका पानाचं. पान क्रमांक, कॉलम, ओळ. पुढे चूक आणि तिची दुरुस्ती. कौन्सिलरच्या नावातलं गळालेलं अक्षर, शाळेच्या कार्यक्रमाची चुकलेली तारीख, एकदा तर वारलेल्या माणसाचं वय. ना खोचक शब्द, ना शाबासकी. खाली फक्त ‘एक वाचक’. कोविडमध्ये सगळं ऑफिस घरी बसलं होतं, तेव्हाही पत्र थांबलं नाही. आणि त्यातली दुरुस्ती एकदाही चुकीची निघाली नाही.

कोण असेल, यावर ऑफिसात तर्क चालत. कुणी म्हणे रिटायर्ड हेडमास्तर, कुणी म्हणे रिकामपणाला कंटाळलेला वकील. निवेदिता या गप्पांत हसून भाग घेई. पण गुरुवारी पानं छपाईला सोडण्याआधी पहिलं पान पुन्हा एकदा स्वतः वाचे. याला इथे काय सापडेल, असा विचार करत.

गेल्या शुक्रवारी तिच्या निवृत्तीची बातमी छापून आली. ब्रिस्टलच्या डॉक्टर दळवींची मुलगी, विमान कारखान्यातल्या संपाच्या बातम्यांनी नाव कमावलेली ट्रेनी, मग उपसंपादक, मग संपादक. मंगळवारी पत्र आलं. त्या बातमीत तीन चुका होत्या. आणि ‘एक वाचक’च्या खाली, पहिल्यांदाच, पत्ता होता.

“मम्, एकटी जाऊ नकोस,” वरदा, तिची मुलगी, सकाळी म्हणाली होती. “स्टॉकर असला तर?”

“असला तर फारच पंक्च्युअल स्टॉकर आहे,” म्हणत निवेदिताने कोट चढवला होता.

दार उघडलं. समोर एक ठेंगणी बाई उभी होती. आखूड कापलेले पांढरे केस, करडं कार्डिगन, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. निवेदिताने ट्यूब ट्रेनमध्ये जुळवलेलं इंग्रजी वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

“मिसेस सबनीस?”

“ये,” बाई म्हणाल्या. “शूज इथेच काढ.”

शशी सबनीस. निवेदिता संपादक झाली तेव्हा प्रुफं तपासणाऱ्या टेबलावर चार माणसं होती. त्यांतल्या सर्वांत जुन्या या. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून पुण्याहून आल्या आणि पुढे बावीस वर्षं, आवाज न चढवता, इंग्रजांचं इंग्रजी सुधारत बसल्या. निवेदिताच्या पहिल्याच वर्षी ते टेबल बंद झालं आणि चौघांचीही नोकरी गेली.

खिडकीशी जेवायच्या टेबलावर शुक्रवारचा अंक उघडा होता. त्यावर पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल.

“तुमचा पत्र मिळाला,” निवेदिता म्हणाली. आई गेल्यापासून तिचं मराठी बोलणं सुटलं होतं.

“तुमचं. मिळालं.” शशीबाईंनी लगेच हात वर केला. “सॉरी. सवय.”

“तुम्हीच? नाइन्टीन इयर्स?”

“मग कोण? टेबल बंद झालं, चुका कुठे बंद झाल्या?”

“पण पत्ता आत्ताच का दिलात?”

“आता तू संपादक नाहीस. संपादकाला घरी बोलावणं बरं दिसत नाही.”

चहा आला. निवेदिता कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. ती मीटिंग रूम, ती चार माणसं. वरून ऑर्डर आली आहे, माझ्या हातात काही नाही, असं ती तेव्हा म्हणाली होती. दोघांनी भांडण काढलं होतं, एकजण रडला होता, आणि शशीबाईंनी फक्त मान हलवली होती. निरोपाच्या भाषणांत गेल्या आठवड्यात सगळं आलं, संप, बक्षिसं, तिची शिस्त. त्या टेबलाचं नाव कुणी काढलं नाही.

तिने कप खाली ठेवला.

“मला एक सांगायचं आहे. त्या दिवशी मी म्हणाले, वरून आलंय. तसं नव्हतं. कंपनीला चार माणसं कमी हवी होती, एवढंच. कोणती, ते मी ठरवला.” ती अडखळली. “ठरवलं. मला रिपोर्टर्स सोडायचे नव्हते.”

शशीबाईंनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

“ठाऊक आहे मला.”

“कुणी सांगितलं?”

“तूच. संपादकाच्या सहीनं बाहेर जाणारा प्रत्येक कागद आमच्याकडून तपासून जायचा, आठवतं? आमच्या चौघांच्या नावांचा तुझा मेमोही सेक्रेटरीनं नेहमीसारखा आणून ठेवला. माझ्याच ट्रेमध्ये.”

निवेदिताने वर पाहिलं. शशीबाईंच्या चेहऱ्यावर काहीच वेगळं नव्हतं.

“दुसऱ्या पॅराग्राफमध्ये एक कॉमा चुकला होता,” त्या म्हणाल्या. “आणि माझं आडनाव. दोन्ही नीट केली आणि मेमो परत पाठवला.”

“परत पाठवला? पण… का? काही बोलला का नाहीत?”

शशीबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं, जणू हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता.

“मेमो संध्याकाळी पाचच्या आत हवा होता ना कंपनीला,” त्या म्हणाल्या.