कापलेल्या रिबिनी

घळ संपेपर्यंत सगळ्या रिबिनी जागेवर होत्या. कासारी नदीच्या काठानं, ओल्या दगडांवरून वर येताना अवंतिकानं त्या आदल्याच दिवशी झाडांना बांधल्या होत्या. पण चढ संपवून ती आणि शिवशरण रानाच्या माथ्यावर आले, तर पुढं धनगरवाड्यापर्यंत एकही गुलाबी रिबीन दिसेना.

"गुरांनी खाल्ल्या असतील की," गुडघ्यांवर हात टेकून शिवशरण म्हणाला.

करवंदीच्या जाळीत राहिलेली एक गाठ तिनं सोडवून त्याच्यापुढं धरली. "गुरं कोयत्यानं कापून खातात होय?"

अवंतिका कोल्हापुरात एका शाळेत खेळ शिकवायची. शिवशरण मूळचा गडहिंग्लजचा. कोल्हापुरातलं घरचं कापडदुकान सांभाळून पहाटे तिच्याबरोबर धावायचा. दोघांनी मिळून यंदा पहिल्यांदाच डोंगरातली ट्रेल रन ठरवली होती. घळ, जंगल, धनगरवाडा, वरचं उघडं पठार आणि परत नदी असा मार्ग होता. खुणेची रिबीन नसेल तर परक्या माणसाला वाट आणि दरड यातला फरक कळणार नव्हता.

वाड्यावर चार-पाच घरं. दोघं दिसताच एक दार आतून लागलं, मग दुसरं. कुत्री भुंकत पुढं आली. शेवटच्या घरापुढं एक उंच बाई हातात कोयता घेऊन उभी होती. गवत कापून आली असेल, असं अवंतिकानं स्वतःला समजावलं.

"मावशी, आमच्या रिबिनी कुणी काढल्या?"

"मी काढल्या. अंबूबाई नाव माझं. लिहून घ्यायचं तर घ्या."

"अहो, पोरं धावणार आहेत. कुणी चुकून दरडीवरून पडलं तर?"

"धावनार." अंबूबाई हसल्या नाहीत. "त्या पलीकडच्या उतारावर बी अशाच चिंध्या बांधल्या हुत्या. खेळ हाय म्हनाले. मग शिमिटाचे खांब आले, मग तार. आता झऱ्याला जायला आमी डोंगराला वळसा घालून जातो. तुमी कुणाची मानसं, ते सांगा आधी."

"कुणाचीच नाही. आमची आम्ही आहोत."

"कुणाचीच न्हाय, आन् गाडी, बॅनर, कापडं फुकट आली व्हय?"

अवंतिका वैतागून परत फिरली. घळ उतरताना ती शिवशरणला म्हणाली, "यांना कशातही डाव दिसतो." खाली नदीशी पोचल्यावर त्यानं विचारलं, "ताई, मार्ग वाड्यावरून न्यायचं कुणी सांगितलं होतं आपल्याला?"

तिनं मनात मागं जाऊन पाहिलं. त्यांचा पहिला मार्ग घळीतूनच परत फिरत होता. वाड्यावरून पठारावर न्या, तिथून देखावा चांगला दिसतो, असं विजयसिंहांनी सुचवलं होतं. विजयसिंह शर्यतीचे प्रायोजक. टी-शर्ट, पदकं, जेवण, सगळं त्यांच्याकडून. आणि मोबाईलवर नोंदवलेला मार्ग त्यांनी दोनदा मागून घेतला होता.

तिनं त्यांना फोन करून रिबिनींचं सांगितलं. "तुम्ही काळजी करू नका, मॅडम," ते म्हणाले. "त्या लोकांचं मी बघतो." ते 'बघतो' तिच्या कानात राहिलं.

पुढच्या सरावाला विजयसिंह स्वतः आले. पलीकडच्या कच्च्या रस्त्यानं जीप थेट पठारावर. सोबत तीन पाहुणे, शर्यतीचे कोरे टी-शर्ट घातलेले, पायात कातडी बूट. अवंतिका धापा टाकत वर पोचली तेव्हा त्यातला एकजण कातळावर लांब लांब ढांगा टाकत, जागा मोजल्यासारखा चालत होता.

"किती किलोमीटर धावणार आपण?" तिनं विचारलं.

"आम्ही? छे!" तो हसला. "सूर्य कुठल्या बाजूला मावळतो इथं? आणि त्या वाड्यावरच्यांचा झरा उन्हाळ्यात आटतो का हो?"

अवंतिकानं विजयसिंहांना बाजूला घेतलं. "हे कशासाठी आलेत?"

"चांगलं काम आहे, मॅडम. शर्यतीनं जागेचं नाव होईल, मग रस्ता होईल, रिसॉर्ट उभं राहील. पोरांना रोजगार मिळेल."

"वाड्यावरच्यांना सांगितलंय?"

"वेळ आली की सांगू." त्यांनी तिच्या खांद्याकडं बोट केलं, तिथं त्यांच्या कंपनीचं नाव छापलेलं होतं. "तुम्ही धावा. बाकीचं आमच्यावर सोडा."

आपल्याला राग विजयसिंहांचा जास्त आलाय की अंबूबाईंना खोटं पाडायला निघालेल्या स्वतःचा, हे तिला कळेना. मग पठारावर दोघांनी नव्यानं बांधलेल्या रिबिनी तिनं एकेक करून ओढून काढल्या. पाहुणे बघत होते. शिवशरण दुसऱ्या टोकाकडून काढत आला.

त्याच रात्री दोघांनी नवा मार्ग जाहीर केला: घळीच्या तोंडापर्यंत जायचं आणि तिथूनच नदीनं परत. विजयसिंहांनी हात काढून घेतला. टी-शर्ट गेले, पदकं गेली, निम्म्याहून जास्त धावणारे गेले.

पण नोंदवलेला मार्ग विजयसिंहांकडं होताच. तो काही परत घेता येत नव्हता. अवंतिका एकटीच वाड्यावर गेली आणि अंबूबाईंना सगळं सांगितलं.

अंबूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मला सांगून काय उपेग? गावसभेत सांग. सगळ्यांच्या म्होरं."

गावसभा खाली गावच्या देवळापुढं भरली. अवंतिकानं पठारावर काय पाहिलं, काय ऐकलं, ते उभं राहून सांगितलं. मागं एक अनोळखी माणूस मोबाईल धरून तिचं बोलणं टिपत होता. गावाला विचारल्याशिवाय पठारावर खांब रोवू द्यायचा नाही, असं गावानं हात वर करून ठरवलं. विजयसिंह एवढ्यानं थांबतील, असं तिथं कुणालाच वाटत नव्हतं.

शर्यत झाली. थोडेच धावले, पण कुणी चुकलं नाही. घळीच्या माथ्यावर सकाळपासून वाड्यावरच्या बाया बसून होत्या. अवंतिकानं हात हलवला. वरून कुणी हलवला नाही. शेवटचा धावणारा वळून गेल्यावर अंबूबाई मात्र खाली उतरून तिच्याबरोबर नदीपर्यंत चालत आल्या.

"घालवायला आलात होय, मावशी?" अवंतिकानं विचारलं.

"न्हाय," अंबूबाई म्हणाल्या. "जातीस का बघाय आलो."

अवंतिकाची गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत त्या रस्त्यात उभ्या होत्या.