ऑर्गनासोबतची अट

ईस्टरपासूनचा तिसरा उमेदवार त्या सकाळी ऑर्गनासमोर बसला, तेव्हा वृद्ध ऑर्गनवादक योआखिम ड्रायहाउप्ट यांनी मनोमन परमेश्वराची करुणा भाकली. सदुसष्टाव्या वर्षी त्यांची बोटे वाळक्या मुळ्यांसारखी ताठरली होती, आणि पद दुसऱ्याच्या हवाली केल्यावाचून त्यांची सुटका नव्हती. परंतु स्टॉल्पेनहागन नगरीचा रिवाज असा की, जो चर्चचा ऑर्गन घेईल त्याने जुन्या वादकाची कन्याही पत्करावी. योआखिम यांनी स्वतः तशीच पत्करली होती व संसार सुखाने केला होता. हल्लीच्या तरुणांना मात्र दोन्ही गोष्टी एकदम पेलत नव्हत्या. आधीच्या दोघांच्या परीक्षेत ऑर्गनाचा श्वासच मध्ये कोंडला, आणि दोघेही अपमानाने निघून गेले.

खाली बाकांवर नगरसभेचे तीन सभासद बसले होते. ऑर्गन वर माळ्यावर होता, आणि त्यांना तिथले काही दिसत नसे. केवळ ऐकू येई. त्यांनी चिठ्ठीवर एक छोटी सुरावट लिहून वर पाठविली होती. तीवरून तत्क्षणी चार आवाजांचा फ्यूग, म्हणजे तीच सुरावट एकामागून एक चार स्वरधारांत गुंफणारी रचना, रचावयाचा, हीच परीक्षा.

"फ्यूग आता कोण ऐकतं, मास्तर?" उमेदवार लोरेन्झ विपेल मनगटावरची झालर सारखी करीत म्हणाला. "चौघं एकामागून एक तेच वाक्य बोलतात, आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. आता वर एक गोड चाल, खाली हलकी साथ. संपलं!"

"ऐकत नाही म्हणे! अहो, पहिल्याचं ऐकतो म्हणून तर दुसऱ्याला उत्तर सुचतं. वाजवा मुकाट्याने."

विपेलने वाजविले. उजवा हात चिमणीसारखा टुणटुणत होता. डावा तेच तीन स्वर जात्यासारखे फिरवीत होता. योआखिम दातओठ खात राहिले. तोच ऑर्गन घरघरला, स्वर उतरत उतरत विझला. पुन्हा आरंभ केला, पुन्हा तेच.

"हा ऑर्गन आहे की दमेकरी म्हातारा?" विपेल दबक्या आवाजात फुत्कारला. "आणि वर याच्यासोबत मुलगी घ्यायची? लखलाभ असो तुम्हांला!" तो मागच्या जिन्याने झपाझप उतरून गेला.

योआखिम तरातरा ऑर्गनाच्या मागे गेले. ऑर्गनात हवा भरणाऱ्या भातेवाल्याला संधिवात झाल्यापासून त्यांची एकतीस वर्षांची कन्या सिबिला भाते तुडवीत असे. ती तुळईवर बसून सफरचंद खात होती.

"सिबिला! तूच थांबत होतीस? तिन्ही वेळा?"

"पहिल्याने माझे दात मोजायला मागितले, बाबा. दुसऱ्याने विचारलं, मुलीऐवजी हेरिंग माशांची दोन पिंपं मिळतील का."

"आणि हा?"

"याचं वाजवणं ऐकलंत ना?"

"अगं कार्टे, मग मी काय मरेपर्यंत वाजवत बसू?"

"अहो वरचे!" खालून सभासद केसेबोम ओरडले. "फ्यूग होणार, की आम्ही जेवायला जाऊ?"

सिबिलाने हात झग्याला पुसले. "तुम्ही भाते तुडवा."

"मी? या गुडघ्यांनी?"

"तुमची बोटं गेलीत. पाय शाबूत आहेत."

ती ऑर्गनासमोर बसलीसुद्धा. चडफडत योआखिम भात्यावर चढले. एका आवाजाने सुरावट मांडली, दुसऱ्याने ती उचलली. तिसरा मधूनच वाट काढीत आला, आणि शेवटी तिच्या पायांखालच्या पट्ट्यांतून चौथा असा गर्जला की बाके थरथरली. वस्तुतः हे सर्व त्यांनीच तिला शिकविले होते. तथापि ते धापा टाकीत खेकसलेच, "घाई नको! घाई नको!"

"वाहवा!" केसेबोम साहेबांचा आवाज आला. "निवड झाली! नाव सांगा, आणि अट मान्य आहे ना, तेही सांगा!"

योआखिम भात्यावरून उतरून माळ्याच्या कठड्यावर ओणवले. क्षणभर विपेलचे नाव जिभेवर आले. त्यांनी ते गिळले.

"सिबिला ड्रायहाउप्ट! आणि अटीचं म्हणाल, साहेब, तर जुन्या वादकाची मुलगीही तीच; तिनं स्वतःलाच पत्करलंय. आजवर तिला दुसरं कुणी पसंत पडलेलं नाही!"

खाली कुजबुज सुरू झाली. मग एकाचे हसू.

"बरं तर, रिवाजाचं आम्ही बघतो. रविवारपासून वाजवू द्या तिला," केसेबोम शेवटी म्हणाले. "पण मास्तर, भाते कोण तुडवणार?"

योआखिम यांनी कपाळावर हात मारून घेतला.