विसावी फेरी

गिरजाबाईने पहिल्याच टाक्यात दोन टाके घातले, दोनदा ‘राम’ म्हटलं, आणि दारात चपला वाजल्या तसं ते जाड दोऱ्याचं विणकाम पदराखाली ओढून घेतलं.

“लपवतेस काय गो? मीच हाय.” ताजुन्निसा गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढली. “तुझी पायरी उंच झाली काय?”

“पायरी तीच हाय. तूच खाली गेलीस.”

“आता वरच जातंय. विमानातून.”

ती स्वतःच हसली. गिरजाबाईने पदर आणखी खाली ओढला.

परवा सकाळी ताजुन्निसाला न्यायला गाडी येणार होती. मुंबईहून कतार, तिच्या मुलाकडे, मुझम्मिलकडे. तीनच महिने, सुनेचं बाळंतपण झालं की परत, असं ती सगळ्या निडी गावात सांगत फिरली होती. पण गेल्या आठवड्यात तिने कोंबड्या गडब गावच्या बहिणीला दिल्या, आणि त्याच टेम्पोत पाटा-वरवंटाही चढवला. कोंबड्यांचं ठीक होतं, त्यांना दाणा-पाणी लागतं. पाट्याला काय लागतं? गिरजाबाईने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

टोपली ताजुन्निसानेच मागितली होती. उशाशी ठेवायला, लहानशी. चष्मा, गोळ्या आणि जपाची तसबीह मावेल एवढी. गिरजाबाई मुद्दाम पेणला जाऊन दोरा घेऊन आली, हिरवा, सुतळीहून जाड. क्रोशाची सुई तिच्या हातात पहिल्यांदा ताजुन्निसानेच दिली होती, अकरा वर्षांपूर्वी, मालक गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसायची तेव्हा. नेम मात्र गिरजाबाईचा स्वतःचा. रोज एक फेरी, टाक्याटाक्याला रामाचं एक नाव, आणि फेरी दिवेलागणीच्या आत पुरी. फेरी पुरी झाल्याशिवाय दिवा लावायचा नाही. अकरा वर्षांत तो नेम मोडला नव्हता.

तळाला सहा टाके घ्यायचे, मग दर फेरीला सहा ठिकाणी एकात दोन घालून सहा वाढवायचे. आठव्या फेरीनंतर वाढवणं थांबवलं की काठ आपसूक उभा राहतो, टोपली होऊ लागते. आठवी झाली. गिरजाबाईने नववी वाढवली. मग दहावी. माळेइतके होऊ देत, एकशेआठ, असं ती मनाशी म्हणाली. अठराव्या फेरीला एकशेआठ भरले. काल एकोणिसावी झाली, आणि तीही वाढवूनच.

“दाखव तरी.” ताजुन्निसाने पदराखालून ते ओढून काढलं आणि जमिनीवर पसरलं. परातीएवढा हिरवा गोल.

“ही माझी टोपली?”

“तळ हाय अजून.”

“अगो बाय! यात मलाच बसवून पाठवतेस काय कतारला?”

“मोजायला चुकले असेन.”

ताजुन्निसाचं हसू तोंडावरच राहिलं. मोजायला चुकायची ती ताजुन्निसा. बोलता बोलता टाके विसरायची, उसवायची, उसवता उसवता पुन्हा बोलायची. ती कडेवरून बोटं फिरवत गेली. कुठे एक टाका कमी नव्हता, एक जास्त नव्हता.

“तू नाय चुकत,” ती हळूच म्हणाली. “सुई दे हिकडं.”

तिने ते पहिले दोन टाके उसवले. मग एका टाक्यात एक, एका टाक्यात एक, असं विणू लागली. आज ती बोलत नव्हती. ओठ तेवढे हलत होते. बऱ्याच वेळाने कड जमिनीवरून उचलली जाऊ लागली.

“मुझम्मिल म्हणतो घर भाड्याने देऊ,” मान वर न करता ती म्हणाली. “म्हणतो, अम्मी तिथं एकटी हाय.”

गिरजाबाईने मांडीवरचा दोऱ्याचा एक धागा उचलला, बोटाला गुंडाळला, सोडला.

“मग? तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? त्याला काय ठाव हितलं?”

रोह्याकडे जाणारी गाडी स्टेशनात थांबली आणि निघाली. अर्धी फेरी झाली तिथे ताजुन्निसाने हात थांबवला, सुई टाक्यात तशीच अडकवून ठेवली.

“ही नाय मावायची बॅगेत.”

“नाय.”

“मग हितंच र्‍हाऊ दे. उरलेली फेरी मीच घालीन. तू हात लावू नको, सांगून ठेवते.”

“कधी घालशील?”

गिरजाबाईच्या तोंडून गेलंच. ताजुन्निसा भिंतीला धरून उठली, पायाने चपला चाचपत राहिली. मग चपला सापडल्या, आणि ती पायरी उतरली.

ऊन तुळशीवरून उतरलं. गिरजाबाईने हातपाय धुतले, वात वळली, निरांजनात तेल घातलं, आणि ती टोपली मांडीवर घेऊन बसली. सत्तावन्न टाके राहिले होते. हात सुईपाशी गेला. तो तिने मागे घेतला. मग न विणलेल्या एकेका टाक्यावर बोट टेकवत ती नाव घेत गेली, सावकाश, एकही न गाळता.

सत्तावन्न झाले तशी ती उठली आणि दिवा लावला. उजेडात टोपलीचा अर्धा काठ उभा दिसत होता, अर्धा जमिनीला टेकलेला.