जवळा नावाचा धवला

लेक उन्नतीच्या हळदीच्या दिवशी नमिताला डोकं खाजवायला सवड नव्हती. तरी दुपारी पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर तिनं जरा पाठ टेकली आणि नवा मोबाइल हातात घेतला. संध्याकाळी मांडवात सासूबाईंचे धवले लावायचे होते, ते आधी एकदा बघून ठेवावेत एवढाच विचार. गाण्यांच्या यादीत तिची भजनं होती, जुन्या सिनेमातली गाणी होती, लेकानं भरलेली ती धडाधडा वाजणारी हळदीची गाणीही होती. धवले मात्र दिसेनात.

तिनं शोधायच्या चौकोनात ‘सोडे’ असं लिहिलं. काही नाही. ‘बोंबील’ लिहिलं. काहीच नाही. नमिता उठून बसली.

आता लग्नाची गाणी सुक्या मासळीच्या नावाखाली कोण शोधतं, असं कुणीही विचारेल. त्याला कारण नमिताच्या सासूबाई. गोजराबाई म्हणजे खारघरच्या गावठाणातली धवलारीण, लग्नविधींची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी. आगऱ्यांच्या लग्नात आधी धवलारीण लागते, मग बाकीचे सगळे. हळद दळण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला हवा. शेतं गेली, त्यावर टॉवर उभे राहिले, गावातल्या घरांना लिफ्ट आल्या, पण लग्न ठरलं की लोक पत्रिका छापायच्या आधी गोजराबाईंना सुपारी देऊन जात.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. गोजराबाई त्या डॉक्टरवर जरा चिडल्या, मग घरी येऊन सुनेला म्हणाल्या, “नमिते, उन्नतीच्या हलदीचं मी आताच म्हनून ठेवते, तुज्या मोबाइलमदी. पोरीला दुसऱ्या कोनाच्या गल्यातली हलद नको.”

तेव्हा उन्नतीला साधं स्थळही आलेलं नव्हतं. न ठरलेल्या लग्नाचे धवले म्हणणं बरं नव्हे, नजर लागते, म्हणून गोजराबाई स्वयंपाकघराचं दार लावून, दिवा पेटवून गायला बसत. त्या रेकॉर्डिंगला लग्न, हळद किंवा पोरीचं नाव द्यायचं नाही, ही ताकीदही त्यांचीच. नमितानं वर पाहिलं तर फळीवर सुक्या मासळीच्या बरण्या. तिनं तीच नावं दिली. जवळा, सोडे, बोंबील, वाकट्या. सुक्या बोंबलाला कोण नजर लावणार? सासूबाई गालातल्या गालात हसल्या होत्या.

एक धवला झाला की त्या नमितालाही म्हणायला लावत. नमिताचा आवाज फाटका, तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सासूबाईंची पाठ वळली की ती आपलं ते रडगाणं रेकॉर्डिंगमधून कापून टाकायची.

नंतर ऑपरेशन झालं आणि गोजराबाईंचा आवाज गेला. तेव्हापासून त्या गळ्याभोवती पदर लपेटून हातवाऱ्यांनी बोलत, आणि कुणाचं लक्ष नसलं तर टाळी वाजवत. उन्नतीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर नमिताच्या मोबाइलकडे बोट दाखवलं होतं.

“धनेश!” नमितानं जिन्यातून हाक मारली. “वर ये आधी!”

धनेश पिवळा कुर्ता घालून, केसांना जेल लावून आला. लग्नात आईचे फोटो चांगले यावेत म्हणून यानंच तिला नवा फोन घेऊन दिला होता आणि जुना दुकानात बदल्यात देऊन टाकला होता.

“माजी सगली गानी आनलीस ना या फोनमदी?”

“आनली ना. सगला म्युझिक सिंक केलाय. का?”

“मग सोडे कुठं हायेत? जवला? बोंबील?”

धनेश हसला. “अगं, त्या रेसिप्या ना? त्या नाय घेतल्या. रेकॉर्डरमदी होत्या, म्युझिकमदी नव्हत्या. उगाच जागा खातात म्हनून त्या ऑडिओची टिकच काढली मी. यूट्यूबवर हजार रेसिप्या हायेत, टेन्शन कशाला घेतेस?”

“रेसिप्या नव्हत्या रे त्या,” नमिता म्हणाली. “आजीचे धवले होते.”

धनेशचं हसू मावळलं. खाली मांडवात त्याचा बाप कमळाकर डीजेवाल्याला ओरडत होता, आवाज अजून वाढव म्हणून. धनेश मटकन पलंगावर बसला.

“पन धवल्यांना जवला कोन नाव ठेवतं, आई?”

नमिताला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि स्वतःलाही दोन. त्यानं घाईघाईनं बॅकअप उघडून पाहिला. त्यात फोटो होते, नंबर होते, ऑडिओ नव्हता. दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, तो मोबाइल पुसून केव्हाच पुढं गेला, आणि पुसायला तूच तर बटण दाबलंस की माझ्यासमोर. धनेशनं फोन ठेवला आणि तो नखं कुरतडायला लागला. मोठा झाला तरी ही सवय काही गेली नव्हती.

“आजीला सांगायचं?” त्यानं विचारलं.

“तोंड उघडलंस तर बघ.”

नमिता खाली आली. गोजराबाई ओसरीवर नवं लुगडं नेसून जात्यापाशी बसल्या होत्या. सुनेला पाहताच त्यांनी कानाला हात लावला आणि भुवया उंचावल्या. गाणी तयार आहेत ना? नमितानं मान हलवली. खोटं बोलायला शब्दही लागले नाहीत, याचीच तिला जास्त लाज वाटली. गोजराबाईंनी समाधानानं पदर सारखा केला आणि शेजारणीला खुणेनं सांगितलं, थांब, बघ आता कशी गाते मी.

तिथं उभं राहवेना म्हणून नमिता स्वयंपाकघरात शिरली. फळीवर त्या बरण्या होत्या, जशाच्या तशा. ती जवळ्याच्या बरणीकडे बघत राहिली आणि तिला एकदम जाईबाई आठवली.

जाईबाई तिची मावशी, उरणजवळच्या मोऱ्याला राहणारी. मागं एकदा तिनं व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, तू जवळ्याची चटणी कशी करतेस ते बोलून पाठव. नमितानं ‘जवळा’ याच नावानं चटणी बोलून ठेवली होती खरी, पण घाईत दुसराच ‘जवळा’ पाठवला गेला. त्यावर मावशीचं उत्तर आलं होतं: मी चटनी मागितली, तू सासूचं गानं पाठवलंस, भरल्या पोटी आयकू का उपाशी?

नमितानं मावशीचं चॅट उघडलं. चॅट होतं. ‘जवळा’ पण होता. त्यावर बोट ठेवलं तर नवा फोन म्हणाला, ही फाइल इथं नाही.

म्हणजे असलीच तर ती मावशीच्या फोनमध्ये. तिनं मावशीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग तर लागेचना. मावशी उरणहून निघाली होती, आणि तिचा मोबाइल नेहमी पिशवीच्या तळाशी, साड्यांच्या खाली झोपलेला असे. पुसून टाकला असेल तर? कुणा नातवानं साफ केला असेल तर? नमिता पापडाची ताटं भरत होती आणि दर रिक्षाच्या आवाजाला दारात जाऊन येत होती. उन्नतीला पाटावर बसवायची वेळ झाली. बायका जमल्या. धनेशनं डीजेवाल्याला कसंबसं थोपवून धरलं होतं.

जाईबाई आली ती हाश्शहुश्श करतच. तिला पाणीसुद्धा न देता नमितानं तिची पिशवी ओढली.

“अगो, पोरीचं लगीन हाय का चोरी?” जाईबाई ओरडली.

“मावशे, तुजा व्हॉट्सॲप! काय पुसलंस तर नाय ना?”

“मना पुसता येत असतं तर कशाला हवं होतं?” जाईबाई म्हणाली. “चारशे लोकांचे गुड मॉर्निंग भरलेत त्यात. फोन गरम होतो नुसता.”

फोन बंद पडला होता. धनेशनं तो चार्जरला लावला, आणि तो चालू होईपर्यंत तिघंही त्या काळ्या काचेकडे बघत उभी राहिली. मग गुलाबाची फुलं, सूर्य, देव, पुन्हा गुलाब असं करत धनेशचं बोट मागं मागं जात राहिलं. आणि थांबलं. जवळा. खाली बाण नाही, काही नाही. फाइल होती.

“एकच हाय,” धनेश म्हणाला.

“एक तर एक. लाव,” नमिता म्हणाली. तिला रडू येत होतं आणि आत्ता रडून चालणार नव्हतं.

जाईबाईचा तो तापलेला फोन डीजेच्या वायरीला जोडला. मांडवात जरा खरखर झाली आणि मग गोजराबाईंचा आवाज आला. ज्यांच्या लग्नात हा आवाज होता त्या बायका हातातलं टाकून स्पीकरकडे वळल्या.

“हलद कोनी दलली गो, हलद कोनी दलली…”

हळद दळायचा धवला तो. त्यात घरातल्या बायकांची एकेकीची नावं घालायची, आणि ती बाई पुढं होऊन जात्याला हात लावणार. गोजराबाई ओठ हलवत होत्या, मांडीवर ताल धरत होत्या, आणि पाटावर बसलेली उन्नती आजीकडे टक लावून बघत होती. नमिताचं नाव आलं, नणंदांची आली. धवलारीण स्वतःचं नाव कधी घालत नाही, तसं तिचं एकटीचं आलं नाही.

गाणं संपलं. गोजराबाईंनी सुनेकडे पाहून बोट फिरवलं, दुसरं लाव.

नमिता त्यांच्यापाशी खाली बसली. “आई, दुसरं नाय. सगले गेले. माज्या हातून गेले.”

तेवढ्यात स्पीकर पुन्हा खरखरला. मावशीला हे रेकॉर्डिंग नमितानं ते केलं त्याच दिवशी पाठवलं होतं, मागचं आपलं शेपूट कापायच्या आधी.

“झाला?” सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा गोजराबाईंचा आवाज आला. “आता तू म्हन. नको कशाला? मी असेन, नसेन. हलदीला घरातल्या बाईनं म्हनावं. तुजा आवाज फाटका हाय, पन माज्या घरातला हाय. म्हन.”

मग नमिताचाच आवाज, चोरटा: “आई, कोन आयकेल.” आणि फाइल संपली.

कुणीतरी हसलं, कुणीतरी डोळे पुसले. गोजराबाईंनी स्पीकरकडे बोट दाखवलं, मग सुनेकडे. ऐकलंस ना?

सगळं गाव बघत होतं. नमितानं सुरुवात केली ती इतक्या खालच्या आवाजात की तो जात्यापलीकडे गेला नाही. गोजराबाईंनी मोठ्यानं टाळी वाजवली. नमितानं आवाज चढवला, तो फाटला, तरी ती थांबली नाही. बायका मागून झेलायला लागल्या. “हलद कोनी दलली गो, हलद कोनी दलली…” आता पहिलं नाव. घरातली सगळ्यात मोठी बाई. लग्न होऊन या घरात आल्यापासून ते नाव नमितानं कधी तोंडातून काढलं नव्हतं, सून सासूचं नाव घेत नाही म्हणून.

“गोजराबाईनी दलली गो,” ती म्हणाली, “गोजराबाईनी दलली.”

मांडीवर पडणारा म्हातारीचा हात मध्येच थांबला. कितीतरी लग्नं झाली, तिला जात्याला असं कुणी बोलावलं नव्हतं. ती पुढं सरकली, तिनं जात्याचा खुंटा धरून एक फेरा दिला. मग ताटातल्या हळदीत हात बुडवला, आणि नवरीच्या आधी सुनेच्या गालाला लावला.