काटेबाबांचं सर्टिफिकेट

मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध काटेबाबा बसले होते. हातातल्या पितळी नळीचं एक टोक गावातल्या मुखरूच्या दुखऱ्या गुडघ्याला आणि दुसरं टोक बाबांच्या तोंडात. बाबांनी जोरात ओढलं, डोळे गरागरा फिरवले आणि ताटलीत थुंकले. लालभडक थुंकीत बाभळीचा काटा!

"पाह्यलं? हा करणीचा काटा! अमेरिकेच्या मशिनीतबी दिसत नाई. मशीन लोखंडाची, करणी हवेची!"

लोकांनी जयजयकार केला. सरपंच वामनराव तेवढे कुरकुरत होते. मग बाबांनी सोनेरी चौकटीतलं इंग्रजी सर्टिफिकेट बाहेर काढलं. वामनरावांनी ते इंग्रजीच्या नीलिमा मॅडमच्या हातात दिलं.

"मॅडम, तुमी सांगा. काय लिवलं हाये?"

खाली कुठल्याशा मंडळाचा शिक्का होता आणि वर पदवी होती, मास्टर कंजरर. नीलिमा अडखळली. मॅजिशियन म्हणजे जादूगार, विझार्ड म्हणजे मांत्रिक, विच म्हणजे चेटकीण, एवढं ती सातवीला शिकवायची. हा शब्द त्यांच्याच भावकीतला दिसत होता, पण नेमका कोण ते माहीत नव्हतं. 'बघून सांगते' म्हणायला काय जात होतं? पण सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं, आणि बाई एम.ए. इंग्लिश!

"मोठे सिद्ध मांत्रिक आहेत, असं लिहिलंय," तिने ठोकून दिलं.

वामनरावांनी सगळ्यात आधी पाय धरले. मागोमाग आशाबाई आपल्या लेकीला, दिव्यानीला, घेऊन पुढे आली. दिव्यानी नीलिमाच्याच वर्गातली. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, रोजच्या गोळ्या चालू होत्या. बाबांनी पोरीच्या मांडीतून तीन काटे काढले, गोळ्या बंद करायला लावल्या आणि रोजचा उपास सांगितला. दिवसभर पाणीसुद्धा नाही.

घरी येऊन नीलिमाने डिक्शनरी उघडली. कंजरर म्हणजे हातचलाखीचे खेळ करणारा. टोपीतून कबूतर काढतो तो! ना मंत्र, ना सिद्धी. बाबाला स्वतःला इंग्रजी आलं असतं, तर त्याने ते सर्टिफिकेट पेटीच्या तळाशी दडवलं असतं.

आत्ताच जाऊन सांगावं? पण लोक काय म्हणतील? उद्या सांगू. वर्गात दिव्यानीचे सुकलेले ओठ दिसायचे, तेव्हा ती फळ्याकडे तोंड करून शिकवायची. उद्या-उद्या करत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दिव्यानीचा बेंच रिकामा होता. तळमळणाऱ्या पोरीला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं होतं.

नीलिमाने वर्ग तसाच सोडला आणि पाण्याचा तांब्या घेऊन थेट पार गाठला.

"बाबा, काटा काढायच्या आधी चूळ भरा."

"पूजेआधी पाणी चालत नाई, मॅडम. वरत हाये."

"मग नुसतं तोंड उघडून दाखवा."

"भरा ना बाबा," वामनराव म्हणाले, "पाण्यानं का होते?"

बाबा उठून चालू लागला. वामनरावांनी मनगट धरलं. झटापटीत बाबाला ठसका लागला आणि गालातला ऐवज सगळ्यांसमोर बाहेर पडला. दोन काटे आणि काथाचा ओला गोळा. डोळे फिरवले की लोक डोळ्यांकडे बघत. तेवढ्यात हा जिभेने गालातला काटा पुढे सरकवी. रक्त म्हणून दाखवलेला रंग काथाचा होता.

लोक बाबावर धावले. नीलिमा मध्ये पडली. "थांबा. त्याला पोलिसांच्या ताब्यात द्या. पण तो कागद मी चुकीचा वाचला होता. घरी गेल्यावर खरं कळलं, तरी मी गप्प बसले."

वामनरावांनी पोलिसांना फोन लावला.

दुपारी ती दवाखान्यात गेली. दिव्यानीला रक्त चढत होतं. पाणी आणि गोळ्या चालू असत्या तर ही पाळी आली नसती, असं डॉक्टर म्हणाले. जीव मात्र वाचला होता. नीलिमाने आशाबाईलाही कागदाचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, बाबा त पोट भरासाठी खोटं बोल्ला. तुमी काऊन बोल्ल्या?"



सोमवारी ती वर्गात उभी राहिली. "पोरांनो, काटा दिसला की आधी विचारा, तो आला कुठून. इंग्रजी कागद दिसला म्हणून दबू नका. आणि जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणा. मी म्हटलं नाही. मला लाज वाटत होती, आणि माझी लाज राखायला दिव्यानी आठ दिवस तहानलेली राहिली."