अकरावा काप

माझ्या नवऱ्याच्या हृदयाचा नखाएवढा तुकडा बत्तीस वर्षं माझ्या बटणांच्या डब्यात होता, मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला.

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते. रोग्याच्या शरीरातला तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे केसाच्या विसाव्या हिश्श्याइतके पातळ काप काढायचे आणि काचेवर घ्यायचे, हे माझं काम. तो सायकलवरून टपाल वाटायचा आणि सुट्टीच्या दिवशी शर्यती मारायचा. माझी बहीण त्याला ‘पळपुट्या’ म्हणे. चाळिसाव्या वर्षी एका चढावर पडला, तो उठलाच नाही. त्याच्या हृदयाचा तुकडा तपासायला आमच्याकडेच आला, पण साहेबांनी मला हात लावू दिला नाही. अहवालात एवढंच लिहिलं: हृदयाची भिंत जाड. दहा वर्षांनी जुने ठोकळे जाळायला निघाले, तेव्हा हा मी मागून घेतला.

आता माझी नात पोहते. घरात तिला मासोळीच म्हणतात. मोठ्या स्पर्धेआधीच्या तपासणीत तिच्याही हृदयाची भिंत जाड निघाली. तिच्या आईची, म्हणजे माझ्या लेकीची, तपासणी स्वच्छ आली, पण असला दोष एखाद्या पिढीत दडून राहतो म्हणे. भिंत पोहण्यानं जाडावली असेल तर काळजी नाही. आजोबांसारखी असेल तर शर्यत बंद. आणि आजोबांची सायकलनं जाडावली होती की रोगानं, हे कुणी बघून ठेवलंच नव्हतं.

मी ठोकळा घेऊन माझ्या जुन्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. “मावशी, ताण आला की पेशीत निरोप निघतो, ‘वाढ’. निरोप्या म्हणजे एक प्रथिन. रोगात ते पेशीच्या केंद्रात शिरून ठाण मांडतं आणि झोपलेली जनुकं उठवतं, अगदी आईच्या पोटात असतानाचीसुद्धा. व्यायामाच्या हृदयात हे सहसा होत नाही.”

“म्हणजे हृदय बाळपणात जातं?”

“तसंच काहीसं.”

“त्यात रोग कसला? मी रोज सकाळी जाते.”

त्या हसल्या. निरोप्या तपकिरी दिसेल असा रंग त्यांच्याकडे होता. दहा काप हवे होते. जुनं मेण नवख्या हातात तडकतं, म्हणून यंत्रावर मीच बसले. ठोकळा बर्फावर गार करायचा आणि कापण्याआधी तोंड जवळ नेऊन त्यावर ऊबदार श्वास सोडायचा, म्हणजे काप फाटत नाही. हजारो परक्या ठोकळ्यांवर मी असा श्वास सोडला होता. या वेळी मात्र डोळे मिटले.

दहा निघाले. अकरावाही निघाला आणि मग नुसतं मेण. तो अकरावा मी काचेवर घेतला, सुकवला आणि चष्म्याच्या डबीत घातला. चोरीच ती.

चार दिवसांनी फोन आला. “मावशी, दहाच्या दहा गेले. रंगाआधी उकळावे लागतात, त्यात काचेवरून सुटले.”

मासोळी शेजारीच होती. “बरं झालं! आता मी पोहणार. भिंत जाड तर जाड. तुझी कातडी नाही का जाड?”

“तुझी जीभ बघ आधी,” म्हणत मी आत गेले आणि काच खिडकीशी धरली. आरशावर श्वास पडावा तेवढाच डाग. रंगवला नाही तर असाच माझ्याजवळ राहील. दिला तर उकळत्या पाण्यात जाईलही.

बाहेर मासोळी शीळ घालत पिशवी भरत होती. पंचा, टोपी, चष्मा. तो पडला त्या सकाळी त्यानंही अशीच शीळ घातली होती, आणि मी आतून ओरडले होते, “जा एकदाचा!”

“पिशवी ठेव,” मी म्हणाले. “माझ्याबरोबर चल.”

डॉक्टरीणबाईंनी काच बघितली, मग मला. “मावशी!”

“रागवा नंतर. आधी काच रात्रभर ऊबेत ठेवा. दहांच्या वेळी घाई केलीत. आणि उकळायचं ते मंद आचेवर.”

दुसऱ्या दिवशी गेलो. काप अर्धाच उरला होता, पण उरला होता. सूक्ष्मदर्शकाशी पहिली मी बसले. तंतू एकमेकांत गुंतलेले, आणि केंद्राकेंद्रात तपकिरी ठिपका. इतकी वर्षं तो दिसावा म्हणून झुरले आणि दिसला तो हे सांगायला.

“काय आहे गं?” मासोळीनं विचारलं.

“टपाल,” मी म्हणाले. “बाहेरचं उरकलं की आत वाटत बसायचा.”

ती बराच वेळ बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी शर्यतीचं हळूच सांगितलं. मासोळी माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडली.

काच तिथल्या कपाटात आहे. मंगळवारी मला बघू देतात. मासोळी कोपर धरून नेते. पूर्वी ती दहा पावलं पुढे असायची आणि “चल ना, म्हातारे!” म्हणून ओरडायची. आता चढाशी आलो की तीच थांबते आणि म्हणते, “दम खाऊ या.” मला लागलेला नसतो, तरी थांबते.