दहा मिनिटांची पाळी

"मंत्रिमहोदयांनी एवढंच सांगावं," विरोधी बाकांवरचे वकील सदस्य ताडकन उठून ओरडले, "तेल आधी, की माणसं आधी?"

सभागृहात एकच गदारोळ उडाला. अध्यक्षांनी घंटा वाजवली, ती कोणाच्या कानावर गेली नाही. मधल्या टेबलाशी बसलेल्या प्रतिवेदकबाईंची पेन्सिल मात्र थांबली नव्हती. इथे बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. त्याला एकतीस वर्षं झाली होती. दर दहा मिनिटांनी पाळी बदलायची. एक प्रतिवेदक उठला की दुसरा बसायचा. बाईंच्या पाळीचं सातवं मिनिट चालू होतं.

समुद्रापलीकडच्या एका देशात तीन आठवड्यांपासून युद्ध पेटलं होतं. पोटापाण्यासाठी तिकडे गेलेली चाळीस हजार माणसं अडकून पडली होती. नेमका त्याच देशाशी तेलाचा मोठा करार व्हायचा होता. माणसं घाईने बाहेर काढली तर तिथलं सरकार बिथरेल आणि करार हातचा जाईल, म्हणून इथलं सरकार वेळ काढतंय, असा विरोधकांचा आरोप होता. परराष्ट्रमंत्री सकाळपासून "परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे" हे एकच वाक्य फिरवून फिरवून सांगत होते.

आताही ते तेच म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्या ध्वनिक्षेपकाचा लाल दिवा विझला. मग शेजारच्या मंत्र्याकडे झुकून, पण पुढे बसलेल्याला सहज ऐकू जाईल एवढ्या आवाजात, ते म्हणाले, "तेलाचं आधी बघू. माणसं काय, येतील चालत."

"काय म्हणालात?" वकील सदस्य कडाडले. "पुन्हा बोला! उभे राहून बोला!"

मंत्री उठले. दिवा लागला. "मी काहीही बोललो नाही, अध्यक्षमहाराज."

बाई मंत्र्यांपासून चार हातांवर होत्या. त्यांनी तेलाचं ते वाक्य लिहिलं, वकिलांचं लिहिलं, मग मंत्र्यांचं "बोललो नाही" हेही लिहिलं. दहा मिनिटं संपली. पुढचा प्रतिवेदक येऊन बसला आणि बाई वही घेऊन बाहेर पडल्या. त्या चाळीस हजारांत त्यांचा जावई होता.

जावई पंप मेकॅनिक. तिकडच्या एका बंदरात समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात कामाला होता. बारा दिवसांपासून कारखाना बंद आणि तो बराकीत. मुलगी तीन वर्षांच्या लेकीला घेऊन बाईंकडेच राहायला आली होती. हातातला फोन ती अंघोळीलासुद्धा बाजूला ठेवत नव्हती.

टंकलेखनाच्या खोलीत बसून बाईंनी आपली दहा मिनिटं टाइप केली, खाली आद्याक्षरं घातली आणि कागद मुख्य प्रतिवेदकांकडे पाठवले. मुख्य प्रतिवेदकांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण सगळ्यांचे कागद ते लाल शाईने तपासत. वीस मिनिटांत त्यांचं बोलावणं आलं.

मास्तरांच्या समोर मंत्र्यांचे खासगी सचिव बसले होते. चाळिशीचे, इस्त्रीचा सदरा, आवाज लोण्यासारखा मऊ.

"या, ताई. बसा. एक छोटीशी चूक झालीय, तेवढी दुरुस्त करायची." त्यांनी बाईंचाच कागद पुढे सरकवला. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. "हे वाक्य ध्वनिमुद्रणात नाही. आम्ही तीनदा ऐकलं."

"ध्वनिक्षेपक बंद होता," बाई म्हणाल्या. "कसं असेल?"

"मग तुम्हाला कसं ऐकू आलं?"

"कानांनी."

मास्तरांना हसू आलं होतं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. "बाई, आपसातली कुजबुज आपण घेत नाही ना इतिवृत्तात," ते जरा अजिजीने म्हणाले.

"कुजबुज नाही घेत. पण त्यावर समोरच्या सदस्यांनी 'काय म्हणालात' विचारलंय, आणि मंत्र्यांनी उभं राहून उत्तर दिलंय. मधलं वाक्य काढलं तर वकीलसाहेब हवेशी भांडत होते असं दिसेल."

"दिसू दे की," सचिव म्हणाले.

"काढायचंच असेल तर अध्यक्षांना काढता येतं," बाई म्हणाल्या. "त्यांचा लेखी आदेश आणा. त्या जागी मी दोन ओळी ताऱ्यांच्या खुणा टाकते आणि कंसात लिहिते, आदेशानुसार काढून टाकले. नियमच आहे तसा."

सचिवांचा मऊपणा क्षणभर गेला. तारे दिसले की तिथे काहीतरी बोललं गेलं होतं हे शेंबड्या पोरालाही कळणार होतं, आणि "मी काहीही बोललो नाही" हे भर सभागृहातलं वाक्य मंत्र्यांच्या घशात अडकणार होतं. आदेश नको होता. ते वाक्य कधी जन्मलंच नव्हतं, असं हवं होतं.

"सहाला छपाईला जातं ना?" घड्याळाकडे बघत ते उठले. चार वाजायला आले होते. "ताई, जरा बाहेर येता?"

जिन्याच्या वळणावर ते थांबले. आसपास कोणी नाही हे पाहून म्हणाले, "अजून जाहीर नाहीये, तुम्हाला म्हणून सांगतो. परवा सकाळी पहिलं विमान जाणार. एकशे ऐंशी जागा. आजारी, म्हातारे, बायका आधी. पण चार-सहा नावं आमच्या हातात असतात. यादी सहाला बंद होते." मग सहज विचारावं तसं, "जावईबापूंचं नाव काय म्हणालात?"

"मी म्हणाले नाही."

"मग एका चिठ्ठीवर लिहून द्या. पासपोर्टचा नंबर घाला. मी खालीच आहे, अकरा नंबरच्या खोलीत."

ते जिना उतरून गेले. बाईंच्या पर्समधला फोन थरथरला.

"आई, त्यांचा फोन लागला होता. दोनच मिनिटं." मुलीचा आवाज रडून रडून बसला होता. "बराकीतलं पाणी संपलंय गं. शेजारच्या इमारतीवर काल बॉम्ब पडला. ते म्हणाले, काळजी करू नकोस. असं म्हणाले की मला जास्तच भीती वाटते. आई, तू तिथे मंत्र्यांच्या समोरच बसतेस ना? कुणाच्या तरी कानावर घाल ना. कुणाच्या पायाही पड, पण सांग."

"बघते," बाई म्हणाल्या.

त्या आपल्या खोलीत गेल्या आणि कोऱ्या कागदाच्या चतकोरावर जावयाचं पूर्ण नाव लिहिलं. पासपोर्टचा नंबर गेल्या बारा दिवसांत इतक्या ठिकाणी लिहिला होता की पाठ झाला होता. चिठ्ठीची घडी घातली आणि जिना उतरल्या. अकरा नंबरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत दोन कारकून टंकलेल्या यादीवर बोट ठेवून नावं वाचत होते. एकाने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची. "पुढची बाई, वय एकाहत्तर... पुढचा, मधुमेह, पाय कापलेला..."

बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. जागा एकशे ऐंशीच होत्या. जावयाला बसवायचं तर त्या यादीतलं कोणीतरी उठवावं लागणार होतं. ते कोण, हे त्यांना कधी कळलं नसतं. त्याच्या घरी काय झालं, हेही नाही. त्या चिठ्ठी मुठीत धरून किती वेळ उभ्या होत्या हे त्यांना सांगता आलं नसतं. आतल्या एकाने मान वर करून "काय हवंय?" विचारलं, तेव्हा त्या "काही नाही" म्हणून मागे फिरल्या.

मास्तर खोलीतच होते. त्यांच्या हातात लाल पेन होतं, पण टोपण काढलेलं नव्हतं.

"बाई, मीच खोडलं तर?"

"खोडा, मास्तर. पण मग खालची माझी आद्याक्षरंही खोडा आणि तुमची घाला."

मास्तरांनी पेन टेबलावर ठेवलं. त्यांची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती. त्यांनी समोरचे कागद गोळा केले. मग म्हणाले, "चला. अध्यक्षांकडे जाऊ. जे व्हायचं ते तिथे होऊ दे."

अध्यक्ष सत्तेतल्याच पक्षाचे. वय झालेलं, दिवसभराच्या आरडाओरड्याने डोकं उठलेलं. सचिव त्यांच्याकडे आधीच येऊन बसले होते. बाईंना कोणी बसायला सांगितलं नाही.

"तुमचा जावई तिकडेच आहे म्हणे," अध्यक्षांनी थेट सुरुवात केली.

"हो, साहेब."

"मग मला सांगा, ते वाक्य तुम्हाला ऐकू आलं, की ऐकू आल्यासारखं वाटलं? माणूस काळजीत असला की कानात काहीबाही वाजतं."

एकतीस वर्षांत बाईंना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मला मनाचं काही लिहायचं असतं, तर मी 'उद्याच विमान पाठवतो' असं लिहिलं असतं."

"सर, ही भावनेची बाब..." सचिव बोलू लागले. अध्यक्षांनी हातानेच त्यांना थांबवलं.

"वही आणलीय? त्याच्या आधीचं वाचा."

बाईंनी वही उघडली. त्या एका सुरात वाचू लागल्या, जशा रोज मास्तरांना वाचून दाखवत. वकिलांचा प्रश्न, गदारोळ, घंटा. "अध्यक्ष, स्वतःशी: या वकिलाला कोणीतरी आधी पाणी पाजा रे, घसा फुटेल त्याचा." बाई थांबल्या. "हे मी टाइप केलेलं नाही, साहेब. त्याला कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून. पण ऐकलं होतं."

अध्यक्षांचा ध्वनिक्षेपकही तेव्हा बंद होता. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"आदेश टाइप करून आणा," अखेर ते मास्तरांना म्हणाले. "वाक्य असंसदीय, कामकाजातून काढून टाकावं. मी सही करतो. तारे टाका."

"सर, पण तारे..." सचिव उठून उभे राहिले.

"तारेच. गुपचूप खोडलं आणि उद्या बाहेर आलं तर? मला माझ्या खुर्चीवर अजून दोन वर्षं बसायचंय."

सहाला पाच मिनिटं असताना कागद छपाईला गेला. दोन ओळी तारे, कंसातली ओळ आणि खाली बाईंची आद्याक्षरं. ते वाक्य काही छापलं गेलं नाही. परत येताना मास्तर जिन्यात म्हणाले, "जिंकलो म्हणायचं की हरलो, बाई?" अकरा नंबरच्या खोलीला कुलूप लागलं होतं.

घरी गेल्यावर त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. न सांगता चाललं असतं, पण लपवून त्यांना तिच्यासमोर जेवता आलं नसतं. मुलगी पोळ्या लाटत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"चिठ्ठी लिहिली होतीस?"

"हो."

"दारापर्यंत गेली होतीस?"

"हो."

"आणि परत आलीस." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गॅस बंद केला. "कोणा परक्या माणसासाठी. तू त्यांना जावई म्हणून घरात घेतलंस ना गं? मग?"

"पाय कापलेला एक माणूस होता यादीत..."

"माझ्या मुलीला सांग ते," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी विरोधकांनी तारे छापलेलं पान हातात धरून सभागृह बंद पाडलं. काय काढून टाकलं ते सांगा, एवढीच मागणी. तिसऱ्या दिवशी सरकारने एकाऐवजी चार विमानं जाहीर केली. ताऱ्यांमुळे, युद्ध भडकल्यामुळे की तेलाचा करार तसाही फिसकटल्यामुळे, हे कोणालाच नीट सांगता आलं नाही. बाईंनी तर त्याचा विचारही केला नाही. त्यांची बदली तोपर्यंत तळघरातल्या जुन्या इतिवृत्तांच्या विभागात झाली होती. कारण दिलं होतं, 'प्रशासकीय सोयीनुसार'. चारही विमानांच्या याद्या मुलीने खालून वर आणि वरून खाली वाचल्या. नाव कशातच नव्हतं.

त्यानंतरचे एकोणीस दिवस घरात बोलणं असं नव्हतंच. मुलगी विचारलं तेवढं सांगायची. नात दोघींच्या मध्ये फिरायची आणि एकीचा निरोप दुसरीला द्यायची. "आजी, आई म्हणते दूध संपलं." दोनदा बंदराच्या बाजूला मोठे स्फोट झाल्याची बातमी आली. दोन्ही वेळा मुलगी दार लावून बसली आणि बाई दाराबाहेर स्टुलावर. आत काही पडल्याचा आवाज आला, तरी हाक मारायची त्यांची हिंमत झाली नाही.

विसाव्या दिवशी जावई मालवाहू बोटीने आला, दोनशे जणांबरोबर. दाढी वाढलेली, शर्ट दुसऱ्याच कोणाचातरी. लेकीने आधी त्याला ओळखलंच नाही. डावा कान गेला होता. शेवटचा स्फोट बराकीला लागूनच, त्याच्या डाव्या अंगाला झाला होता. डॉक्टर म्हणाले, पडदा शिल्लकच नाही.

त्या दुपारी सगळे जेवायला बसले. तो नेहमीच्या जागी, भिंतीकडे. मुलगी त्याच्या डावीकडे बसून वाढत होती आणि काहीतरी विचारत होती. तो भाताकडे बघत राहिला. तिने पुन्हा विचारलं. तो तसाच. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा भाताचा चमचा ताटावर नुसताच अडून राहिला.

बाई त्याच्या उजव्या हाताला बसल्या होत्या. त्या उठल्या, आपलं ताट उचललं आणि मुलीला म्हणाल्या, "तू इकडे ये."

मुलगी एकदा त्यांच्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. मग ती उठली. दोघींनी जागा बदलल्या. तिने तोच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारला, आणि त्याने मान हलवली, "हो, थोडा अजून वाढ."

बाई त्याच्या बहिऱ्या बाजूला बसून जेवू लागल्या. थोड्या वेळाने मुलीने हात लांब करून, न बोलता, त्यांच्याही ताटात भात वाढला.